बाहेरून दहावी: एकेक विषय खात्यावर जमा करताना

दहावी म्हणजे सगळे पेपर एकाच मार्चमध्ये, हे आपल्याकडे इतकं पक्कं डोक्यात बसलंय की त्या एका महिन्यात जे पोर हजर राहू शकत नाही ते शिक्षणातूनच गेलं असं घरचेही धरून चालतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, नियम वेगळा आहे. तिथे एकदा नाव नोंदवलं की नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेला बसायच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एका वेळी एक विषय द्या, दोन द्या, नाहीतर पाचही द्या. ज्या विषयात पास झालात तो तुमच्या खात्यावर जमा झाला, पुढच्या वेळी नापास झालात तरी तो परत जात नाही. पाच विषय जमा झाले की दहावी झाली.

खानदेशात ही सोय जितकी कामाची आहे तितकी ती माहीत नाही, याची खरंच खंत वाटते. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. चाळीसगाव, पारोळ्याकडून कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, घाटावर जातात. यावल-रावेरला केळीच्या कामाला हंगाम असा नसतोच. काही गावांत शाळा आठवीला संपते आणि मुलीचं दप्तर तिथेच खुंटीला लागतं. यातल्या कोणाचीही अक्कल कमी नाही. त्यांचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक जुळत नाही, एवढंच.

आधी एक निवड करावी लागते. आपल्याकडे ‘बाहेरून दहावी’ म्हटलं की लोकांना सतरा नंबरचा फॉर्म आठवतो. तो राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा अर्ज. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मंडळाच्या नाशिक विभागात येतात. सतरा नंबरवर अभ्यासक्रम शाळेतलाच, पेपर शाळेतल्या मुलांबरोबरच, पास व्हायला साधारण प्रत्येक विषयात ३५. नववीपर्यंत नियमित शिकलेल्या आणि वर्षभर घरी राहणार असलेल्या मुलाला हा रस्ता चांगला आहे: अकरावीच्या प्रवेशात कोणी प्रश्न विचारत नाही, पुस्तकं आणि गाईड गावात मिळतात. एनआयओएसमध्ये पास व्हायला ३३ टक्के लागतात, लेखीत वेगळे आणि प्रात्यक्षिक असेल तर त्यात वेगळे. विषय निवडता येतात, वेग आपल्या हातात राहतो. दहावीसाठी वय किमान १४, वरची मर्यादा नाही. आठवीचा दाखला नसेल तर हा अभ्यासक्रम झेपेल इतकं शिक्षण झालंय असं स्वतःचं घोषणापत्र चालतं. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे आणि तिथे पाचवी-आठवीच्या पातळीची परीक्षा देता येते. ज्याची शाळा चौथीतच सुटली त्याने तिथून सुरुवात केलेली बरी.

नापास झालेल्या मुलांच्या घरी नेमकी इथे घाई होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतं, ‘ओपनमधून करून टाका.’ थांबा, आधी गुणपत्रक नीट पाहा. एनआयओएस दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय आपल्याकडे घेतं, याला क्रेडिट ट्रान्सफर म्हणतात. समजा मुलगी राज्य मंडळाच्या सहा विषयांपैकी चारात पास आहे आणि गणित-इंग्रजी राहिलंय. ती एनआयओएसला गेली तर चारपैकी दोनच विषय सोबत येतील आणि तीन नव्याने द्यावे लागतील. त्यापेक्षा राज्य मंडळाच्या पुरवणी परीक्षेत दोनच विषय सोडवणं हलकं. उलट मुलगा दोनच विषयांत पास असेल आणि चार राहिले असतील, तर ते दोन घेऊन एनआयओएसला जावं, उरलेले तीन आपल्या बळाचे निवडावेत. ट्रान्सफर हवी असेल तर प्रवेश अर्ज भरतानाच ती मागायची, गुणपत्रक जोडायचं आणि तिची वेगळी फी भरायची. तो विषय एनआयओएसच्या यादीतही असावा लागतो.

विषयनिवडीवर घरात एक संध्याकाळ खर्च करा, कारण पुढच्या पाच वर्षांचं सुखदुःख इथे ठरतं. पाच विषय लागतात, त्यांत किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. वर दोन जादा विषय घेता येतात. दहावी मराठी माध्यमातून देता येते आणि मराठी हा विषयही आहे, त्याचा कोड २०४. गणित २११, विज्ञान व तंत्रज्ञान २१२, सामाजिक शास्त्र २१३, अर्थशास्त्र २१४, गृहविज्ञान २१६, चित्रकला २२५, डेटा एंट्री ऑपरेशन्स २२९. अर्ज भरताना कोड तपासा. सायबर कॅफेवाल्याने एक आकडा चुकवला की दुसऱ्याच विषयाची पुस्तकं घरी येतात.

सोपे विषय घेऊन लवकर पास होण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मुलीला नुसती दहावी हवी असेल, एखाद्या भरतीच्या अर्जासाठी, तर मराठी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान, अर्थशास्त्र आणि चित्रकला हा मेळ चांगला बसतो. पण पोराला उद्या पॉलिटेक्निकला किंवा अकरावी सायन्सला जायचं असेल तर गणित आणि विज्ञान आजच घ्यावं लागेल, आणि इंग्रजी सोडून चालणार नाही. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडलाही दहावीचं गणित-विज्ञान लागतं. आणखी एक बारीक गोष्ट: इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या प्रवेशाला दहावीत किमान ३५ टक्के लागतात, एनआयओएस ३३ ला पास करतं. ३३-३४ टक्क्यांचं गुणपत्रक पास असूनही त्या दारात अडतं.

आता तासांचा हिशोब. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. त्यात वर्षाचं शिक्षण १२०० तासांचं धरलंय आणि त्याला ४० क्रेडिट दिलेत, म्हणजे ३० तासांना एक क्रेडिट. हे १२०० तास पाच विषयांत सारखे वाटले तर एका विषयाला २४० तास येतात. वर्गातले, घरचे, सरावाचे, प्रकल्पाचे, सगळे धरून. रोज दोन तास खात्रीने मिळत असतील तर एक विषय १२० दिवसांचा. दोन विषय एकदम धरले तर २४० दिवस, म्हणजे आठ महिने. पाचही विषयांना ६०० दिवस. म्हणून कामावर जाणाऱ्या मुलाने पहिल्या परीक्षेला दोन, दुसऱ्या वेळी दोन आणि तिसऱ्या वेळी एक, असा बेत करावा. पाचही विषयांची परीक्षा फी पहिल्याच वेळी भरून तीनात नापास होणारी मुलं फार असतात. त्यांत पैसा जातो तो जातोच, उमेदही जाते.

या आराखड्याबद्दल एक गैरसमज पसरलाय. ‘आता शेतात काम केलं तरी क्रेडिट मिळणार’ असं लोक ऐकतात. क्रेडिट तासांना मिळत नाही, मूल्यमापन झालेल्या शिक्षणाला मिळतं. बागेत पाच वर्षं राबलेल्या पोराचं कौशल्य मान्यताप्राप्त संस्थेने तपासलं, त्याला पूर्वानुभवाचं प्रमाणपत्र दिलं, तरच ते कागदावर येतं, आणि ते प्रमाणपत्र म्हणजे दहावी नव्हे. आराखड्यात दहावी ही तिसरी पातळी आहे, बारावी चौथी. आयटीआयचा मार्ग मात्र खरा आहे: आठवीवर प्रवेश मिळणारा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन दहावीची समकक्षता मिळवता येते. भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांनी प्रवेश घेतानाच हे विचारून ठेवावं.

आपल्या भागाचं कॅलेंडर परीक्षेच्या कॅलेंडरवर ठेवून पाहिलं की काय कधी करायचं ते दिसतं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीच्या आसपास निघतं आणि सातपुड्यातली माणसं होळीला परततात. होळीसाठी परतायचंच, हे तिकडे कोणाला सांगावं लागत नाही. होळी मार्चमध्ये, परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे परतल्यावर एक महिना उजळणीला मिळतो, तो पुरतो. पण स्वाध्यायांची, म्हणजे घरून लिहून द्यायच्या गुणांच्या उत्तरांची, मुदत साधारण जानेवारी अखेरीस असते, आणि तेव्हा मूल उसाच्या फडात असतं. म्हणून स्वाध्याय दिवाळीआधी लिहून पूर्ण झालेच पाहिजेत. निघताना पुस्तक एकच द्या, सगळ्यात सोप्या विषयाचं. पाच पुस्तकांचं ओझं तळावर उघडलं जात नाही.

कापूसवाल्या घरांची अडचण उलटी. ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा ऐन वेचणीत येते. अशांनी ऑक्टोबरला एकच विषय ठेवावा, भार एप्रिलवर टाकावा. केळीवाल्यांनी मृगबाग की कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड की त्यानंतरची, ते पाहून ठरवावं. लागवड जून-जुलैची असेल तर त्या दोन महिन्यांत अभ्यासाची अपेक्षाच ठेवू नये, बेत करताना ते ६० दिवस सरळ वजा करावेत.

स्वाध्याय म्हणजे टीएमए, ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट. लेखी मूल्यमापनाचे २० टक्के यातून येतात, म्हणजे लेखी १०० चं असेल तर ८० पेपरचे आणि २० स्वाध्यायाचे. स्वाध्यायात वेगळं पास व्हावं लागत नाही, म्हणून मुलं तो सोडून देतात. हे सगळ्यात मोठं नुकसान, कारण हे २० गुण घरी बसून, पुस्तक उघडून मिळवायचे असतात. प्रत्येक विषयाला सहा प्रश्न असतात: पहिले तीन दोन-दोन गुणांचे, उत्तर ४०-६० शब्दांत. पुढचे दोन चार-चार गुणांचे, १००-१५० शब्दांत. सहावा सहा गुणांचा, प्रकल्पासारखा, ५०० शब्दांच्या आसपास. प्रत्येक प्रश्नात ‘अ’ किंवा ‘ब’ असा पर्याय असतो, दोन्ही लिहायची गरज नाही.

सहाव्या प्रश्नावर मुलं हरतात. यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर सोडवलेल्या उत्तरांच्या फाइली फिरत असतात, आणि एकाच केंद्रात पंधरा मुलांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं येतं. तपासणाऱ्याच्या ते पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं. प्रश्न संस्थेने दिलेलाच सोडवायचा असतो, पण त्यात आकडे आपल्या शिवारातले घालायला कोणी अडवत नाही. विज्ञानात पाण्याच्या वापराबद्दल प्रश्न आला तर ठिबकचं मोजमाप करता येतं. एका नळीवर दहा ड्रिपर निवडा: सुरुवातीचे तीन, मधले चार, टोकाचे तीन. ड्रिपरखाली माती उकरून मोठा वाडगा बसेल एवढा खळगा करा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ६ मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी देतो, घड्याळ लावून पाणी धरा आणि मापाने मोजा. टोकाला ३०० मिलिलिटर आलं तर तिथल्या झाडाला चौथा हिस्सा पाणी कमी पडतंय. मग कारण शोधायचं: दाब पुरत नाही, की क्षार साचून भोकं बुजलीत? नळीचं टोक उघडून पाणी सोडा, पुन्हा सहा मिनिटं मोजा. आधीचे दहा आकडे आणि नंतरचे दहा आकडे एका तक्त्यात मांडले की अर्धं उत्तर तयार झालं. वाडग्याऐवजी उथळ ताटली ठेवली तर पाणी सांडतं, आणि एकदाच मोजलं तर चूक कळत नाही, म्हणून प्रत्येक ड्रिपर दोनदा मोजावा.

अर्थशास्त्रात बाजाराचा प्रश्न आला तर घरातली कापसाची पावती काढा. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. त्यात वेचणीची मजुरी आणि गाडीभाडं वजा करा. पावतीवरच्या भावात आणि क्विंटलमागे घरात आलेल्या पैशात किती फरक पडला ते काढा. गृहविज्ञानाला घरातल्या आठ दिवसांच्या जेवणाची नोंद, ज्वारी-बाजरीची भाकर, कळण्याची भाकर, डाळ, भाजी किती वेळा, दूध किती वेळा, आणि कोणाच्या ताटात काय कमी पडलं. असं उत्तर उतरवता येत नाही, ते करावंच लागतं. आणि जे केलं ते पेपरातही आठवतं.

स्वाध्याय हाताने, रेघा नसलेल्या ए-फोर कागदावर, निळ्या किंवा काळ्या पेनाने लिहा. प्रत्येक पानावर नाव, बारा आकडी नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड आणि पान क्रमांक. आता ते स्कॅन करून पोर्टलवर चढवायचे असतात. फोनने फोटो काढायचे तर कागद जमिनीवर सपाट, सकाळच्या उजेडात, सावली पडू न देता, आणि एका विषयाची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये. अर्थशास्त्राची फाइल गृहविज्ञानाच्या रकान्यात जाणं ही नेहमीची चूक. फाइलच्या नावातच कोड लिहा म्हणजे ती टळते. मोलगी-धडगावकडे नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तालुक्याला जाण्याच्या एखाद्या दिवशी काम उरका आणि जमा झाल्याची पावती फोनमध्येही ठेवा, छापूनही ठेवा.

प्रात्यक्षिकाच्या विषयांना केंद्रावरचे वर्ग चुकवून चालत नाही. बाकी विषयांचे संपर्कवर्ग ऐच्छिक धरता येतात. चित्रकला आणि डेटा एंट्रीमध्ये गुणांचा मोठा वाटा प्रात्यक्षिकालाच आहे, हात बसलेला असेल तर हे विषय तारतात, नसेल तर बुडवतात. प्रवेश घेण्याआधी अभ्यासकेंद्रावर जाऊन विचारा: तुमच्याकडे या विषयाची प्रयोगशाळा किंवा संगणक आहेत का, वर्ग कोणत्या वारी होतात, परीक्षा केंद्र साधारण कुठे येतं. घरापासून साठ किलोमीटरवर केंद्र आणि सकाळी एकच एसटी असेल तर प्रात्यक्षिकाचे विषय एकापेक्षा जास्त घेऊ नयेत.

कागदपत्रांवर जास्त बोलावं लागेल, कारण आपल्याकडची अर्धी प्रकरणं अभ्यासाने अडत नाहीत, नावाने अडतात. आधारवर ‘पावरा’, दाखल्यावर ‘पावरे’. इंग्रजीत एकीकडे व्ही, दुसरीकडे डब्ल्यू. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर घरी हाक मारतात ते. जन्मतारीख तर कित्येकांची १ जून, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली, आणि आधारवर वेगळीच. प्रवेशाच्या अर्जात जे जाईल तेच गुणपत्रकावर छापून येईल, आणि छापल्यानंतर दुरुस्ती म्हणजे प्रतिज्ञापत्र, फी आणि महिनोन्‌महिने. म्हणून क्रम असा ठेवा: शाळा सोडल्याचा दाखला पक्का धरायचा, आधार त्याच्याशी जुळवून घ्यायचं, आणि मगच अर्ज. दाखला हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढा. सतरा नंबरला मूळ दाखलाच लागतो, दुसरी प्रत असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र. जातीचा दाखला फीच्या सवलतीसाठी लागतो, तो आधीच काढलेला बरा.

मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. कॅफेवाल्याचा दिला तर पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि प्रत्येक वेळी त्याला पैसे मोजावे लागतात.

‘एका महिन्यात दहावी, हमखास पास’ अशा जाहिराती बसस्टँडच्या भिंतींवर असतात. एनआयओएसचा प्रवेश त्यांच्या संकेतस्थळावर थेट होतो, मधल्या माणसाची गरज नाही. विभागीय कार्यालय पुण्याला आहे, शंका तिथे लेखी विचारता येते. नाव ओळखीचं वाटणारं भलतंच मंडळ कोणी सांगितलं तर ते देशातल्या शालेय मंडळांच्या परिषदेचं, कोब्सेचं, सदस्य आहे का ते आधी पाहा. गरिबाचे पंधरा-वीस हजार यात बुडतात, आणि हातात आलेला कागद पहिल्याच पडताळणीत फाटतो. याचा मनापासून संताप येतो, कारण फसतात ते नेमके शिकायची धडपड करणारेच.

परीक्षेच्या फीबाबत एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेची भरली असं होत नाही. प्रत्येक वेळी परीक्षेला बसताना विषयवार वेगळी नोंदणी करायची, वेगळी फी भरायची, प्रात्यक्षिकाची त्याहून वेगळी. ही नोंदणी राहिली की हॉल तिकीटच निघत नाही आणि सहा महिने जातात.

पेपर बहुधा दुपारी अडीचला सुरू होतो. एप्रिल-मेची दुपार, जळगाव-भुसावळचं ऊन, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. बारा वाजता एसटीत बसून केंद्रावर पोचलेलं मूल पेपराआधीच गळून जातं. सकाळच्या गाडीने जा, केंद्राजवळ सावलीत थांबा, पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा, जड जेवण करू नका. उन्हाचा हा त्रास सोसवत नसेल तर अवघड विषय ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.

अकरावीला जायचं असेल तर शेवटचा विषय कोणत्या वेळी द्यायचा तेही आधी ठरवा. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल यायला जून उजाडतो, आणि अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया, जी २०२५ पासून सगळ्या राज्यात लागू झाली, तोवर पुढे सरकलेली असते. पाचवा विषय ऑक्टोबर-नोव्हेंबरला दिला तर निकाल हिवाळ्यातच हातात येतो आणि कागद गोळा करायला पाच महिने मिळतात. बारावीही एनआयओएसमधूनच करायची असेल तर दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचं अंतर लागतं. एका वर्षाने बसता येतं, पण चार विषयांपर्यंतच.

गुणपत्रकाबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र येतं. कॉलेजात तेही मागतात, म्हणून पाकिटातलं काही फेकू नका. डिजीलॉकरवर नोंद दिसते का ते पाहून घ्या. आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, पडताळणीच्या वेळी पाठीमागे शिक्का मारावा लागला तर जागा उरत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या कोठीपासून लांब, उंदीर पोचणार नाहीत अशा डब्यात ठेवा.